निळी फुली

बाबा चादरींच्या कारखान्यात तपासनीस होते.
अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली, एकतीस वर्षं.
काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट,
वरून चादर सरकायची
आणि उजेड खालून सांगायचा
कुठे आडवा धागा चुकलाय, कुठे गाठ,
मोराच्या पिसाऱ्यात कुठे एक डोळा कमी.
मग कानामागची निळी पेन्सिल.
फुली.

लहानपणी देव मला असाच ठाऊक होता.
रेव्हरंड ओहोळ सांगायचे,
शेवटल्या दिवशी वह्या उघडतील,
आणि बाकावर पाय न टेकणारी मी
मांडीखाली हात लपवायचे.
दानाच्या पिशवीत आठ आणे टाकल्यासारखं करून
त्यांचा बर्फगोळा घेतलेला हात.
जिभेचं काही करता येत नव्हतं, ती लालच होती.
त्या रात्री गच्चीवर झोप नाही.
आभाळ म्हणजे उलटं केलेलं टेबल, दिवे लावलेलं,
आणि त्याखाली आम्ही सहाजण
पसरलेलो.

घरात मात्र सगळ्या चादरी फुलीच्याच.
सेकंड माल, निम्म्या भावात, पगारातून कापून.
डिसेंबरात रात्रपाळीहून आले
की बाबा एकेकाच्या पायांवर ओढायचे.
याचा अर्थ काय, हे तेव्हा सुचलं नाही.
सुचलं पन्नाशीत, त्यांच्या खाटेपाशी.

एप्रिल. त्रेचाळीस. कूलरमध्ये टाकायला पाणी नाही.
बाबा घडी घातल्याएवढे उरलेले.
म्हणाले, "दीना, तिथं उजेड खालून असतो का वरून?"
म्हटलं, कुठं?
"नरसय्याच्या अकरा चादरी मी सेकंडला टाकल्या.
माल काय वाईट नव्हता.
मालक बघत होता म्हणून टाकल्या.
त्याची बायको तवा सिव्हिलला होती.
पगार कापला गेला. ती—"
पुढचं खोकल्यात गेलं.

सत्तर वर्षं एक रविवार न चुकवलेला माणूस
कापत होता.
मला सगळं पाठ होतं,
भीतीवरचं, प्रीतीवरचं.
एकही ओळ तोंडात आली नाही.

मग नरसय्या आला.
कुणी बोलावलं नव्हतं.
साखर पेठेतून, सायकलवर, मागे कलिंगड बांधून.
"मास्तर, ऊन लई हाय," म्हणाला
आणि पायथ्याशी बसून
बाबांच्या टाचा चोळायला लागला
धाग्यांनी चिरलेल्या बोटांनी.
बाबांनी दोनदा तोंड उघडलं.
"असू द्या," नरसय्या म्हणाला.
हातातल्या फोडीबद्दल की कशाबद्दल,
अजून मला माहीत नाही.

तो गेल्यावर बाबांना हुडहुडी भरली, त्या उन्हात.
मी पेटीतली जुनी चादर काढली.
कोपऱ्यात फुली, इतक्या धुण्यांत न गेलेली.
पांघरताना चादर तिरकी झाली
आणि फुली सरळ उभी राहिली.
एक रेघ उभी, एक आडवी.
कविताच करायची असती तर इथे थांबले असते.
पण बाबांनी विचारलं, "ही कुणाची?"
म्हटलं, "तुम्हीच टाकलेली."
"चूक कुठाय, बघू."
बोट फिरवत राहिले बराच वेळ
आणि सापडायच्या आधी
झोपले.

मी अजून घाबरते.
रविवारी वह्यांचं निघालं
की हात आपोआप मांडीखाली जातात.
पण थंडीत ती चादर मीच घेते.
अंधारात अंगठ्याला गाठ लागते,
धागा तुटलेला, कुणीतरी घाईत जोडलेला,
आणि बाकीची चादर
मला पुरते.