उजवा वरचा कोपरा

नवा कॉम्प्युटर आला सोमवारी,
म्हणजे उद्यमनगर बंद असताना,
म्हणून भाच्यालाही सवड होती.
पहिल्याच तासात इंद्रजितनं पडदा भरून टाकला:
गोल घड्याळ, चौकोनी घड्याळ,
लंडनचं एक, कशाला कुणास ठाऊक,
शेअरबाजाराची धावती पट्टी,
रोज बदलणारा सुविचार,
आणि एक मासा, माऊस नेईल तिकडं पोहणारा.
"नाद खुळा दिसतंय का न्हाई, आत्ती?"

दिसतंय. पण मला बिलं काढायचीत.
कास्टिंगची वजनं, जीएसटी, कोकचा हिशेब,
त्यांना बसायला जागा नको?

मासा आधी काढला.
वाईट वाटलं थोडं. तो आला होता ना माझ्या बाणामागं
पार फुलीपर्यंत.

सुविचार दुसऱ्या दिवशी गेला.
नऊ वाजता, भट्टी पेटायच्या आधी,
'धीर धरा' म्हणून कुणी परक्यानं सांगावं
आणि दहाला गिऱ्हाईकानं, थकलेल्या बिलासाठी, तेच?
दिवसातून एकदा पुरे.

कॅलेंडर ठेवलं. त्याला रविवारच तांबडा वाटायचा.
अर्धा दिवस गेला सेटिंगमध्ये.
सोमवार तांबडा झाला,
तेव्हा कुठं ते आमच्या गावात राहायला आलं.

कॅल्क्युलेटर नको. टेबलावर आहे माझा,
सातचा आकडा पुसून गेलेला,
बोटांना मात्र सात कुठं ते पाठ.

एक काटा राहिला,
मशीन आतून किती तापलंय ते दाखवणारा.
बावन्न अंश.
शौकतभाई हात पुसत वाकून बघून गेले.
चौदाशेच्या खाली त्यांना ताप असा वाटतच नाही.
"बाई, ह्याला थंडी वाजत्या काय बघा जरा."
तरी ठेवला.
कुणाच्या तरी पोटातला जाळ
बाहेरून वाचता येतो, एवढं बरं वाटतं.

मग हवामान.
कोल्हापूर, अंशतः ढगाळ, सत्तावीस.
ते तर मला खिडकीतून दिसतं,
समोरच्या लेथवाल्यांच्या पत्र्यावर
उन्हाचा पट्टा आहे का नाही, त्यावरून.
मी गावाचं नाव खोडलं. गगनबावडा लिहिलं.
त्याच्याखाली दुसरी चौकट उघडून, राधानगरी.
"आत्ती, तिकडं कोण आहे आपलं?"
कोणी नाही.
पाऊस आहे. पडतो तिकडं,
आणि दोन दिवसांनी शाहूपुरीतल्या माझ्या घरात
मीटरच्या पेटीपर्यंत येऊन उभा राहतो,
वर आभाळ निळं असलं तरी.
रिटर्न भरायला जुना कॉम्प्युटर घरी नेला होता त्या आठवड्यात.
तो तसाच गेला,
निळ्या आभाळाखाली.

उजवा वरचा कोपरा मोकळाच होता.
राजाराम बंधाऱ्याची पातळी दाखवणारं काही मिळतंय का,
इंद्रजितनं दोन रात्री जागून शोधलं.
जगातल्या कुठल्याही शहराची वेळ मिळते,
चंद्र किती उरलाय तेही मिळतं.
नदी किती वर आली, ते नाही.
शेवटी एक पिवळी चिठ्ठी लावून दिली त्यानं, कोरी.
तिच्यात मी स्वतःच आकडा भरते,
सकाळी फोन करून,
जेवणाच्या सुट्टीत परत एकदा.

आज एकतीस फूट चार इंच.
एकोणचाळीसला चिठ्ठी तांबडी करायची, ठरवलंय.
त्रेचाळीसला मी इथं नसणार,
गाद्या माळ्यावर टाकत असेन,
आणि हा इथं कोरडा, एकटा,
बावन्न अंशांवर
कालचाच आकडा धरून बसेल,
गगनबावड्यात किती पडतोय ते कुणालाच न सांगता सांगत.

म्हणून इंद्रजितला पासवर्ड देऊन ठेवलाय.
लंडनचं घड्याळ त्यानं गुपचूप परत लावलंय,
ते मी बघितलंय.