एका वेळी दिसले तेवढेच

उणे सव्वीस.
काचेच्या आतल्या अंगालाही बर्फ धरलाय.
अंगठा दाबून दाबून मी त्यात
बटणाएवढं भोक पाडते,
आधी बाहेर बघते, मग कॉफीकडे.

बर्चला टांगलेला डबा रिकामा.
रात्री कुणी खात नाही, मला ठाऊक आहे,
म्हणजे कालचा हिशेब मीच चुकले.

फेल्टचे बूट, मिलमधला जुना कोट.
दाराला खांदा लावावा लागतो.
पायाखाली बर्फ करकरतो
कोऱ्या वहाणेसारखा.
बादलीत सूर्यफुलाच्या बिया, सोललेले शेंगदाणे,
जाळीत चरबीचा गोळा.
दुकानदार म्हणतो, हिल्क्का, तू पेन्शन पाखरांना चारतेस.
चारते खरी. पण ती उडून
तुझ्याच गल्ल्यात जाऊन बसते.

ऑक्टोबरात एक मूठ टाकली
की एप्रिलपर्यंत सुटका नाही.

नऊनंतर उजाडतं. उजाडतं म्हणजे काय,
काळ्याचं निळं होतं.
आधी पिवळ्या पोटाच्या टिट, भांडकुदळ,
एकेक बी पळवून नेतात
आणि फांदीवर पायाखाली धरून फोडतात.
मग पुनातुल्कू, लाल छातीचे, गुबगुबीत,
लग्नाला आलेल्या मामांसारखे:
एकदा बसले की उठत नाहीत.

शेजारचा एलिस आज वही घेऊन आलाय.
जानेवारीतला मोजणीचा रविवार.
एक तास, एक खिडकी, एकच नियम:
एका वेळी दिसले तेवढेच लिहायचे.
"पण तो परत आला ना!"
आला. पण तो मघाचाच असेल.
"कशावरून?"
कशावरूनच नाही. म्हणून तर नियम आहे.

टिट अकरा. पुनातुल्कू सहा.
हराक्का एक, उगीच रुबाब करणारी.

दहा चाळीसला सगळं एकदम थांबलं.
चिवचिव नाही, फडफड नाही.
एक टिट डब्याच्या काठाला चिकटून, लाकडाची झाल्यासारखी.
आणि राखाडी काहीतरी
कुंपणावरून आडवं गेलं.
एवढंच. दोन-तीन पिसं खाली येईपर्यंत
आम्हाला कळलंही नाही.

एलिसची पेन्सिल हवेतच.
मी काहीतरी शहाणं बोलायला हवं होतं.
म्हणाले, ससाणा. लिही. एक.
"त्यालापण मोजायचं?"
तोही आपल्याच अंगणात जेवला.

बराच वेळ तो खिडकीपासून हलला नाही.
मग म्हणाला, आता टिट दहा करू?
पत्रक उलटसुलट वाचलं आम्ही.
त्यात याबद्दल काही नव्हतं.
अकरा दिसल्या होत्या, एका वेळी.
त्याने अकराच ठेवलं,
खोडरबर मात्र मुठीतून सोडलं नाही.
जाताना वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं,
मला दाखवलं नाही.

साडेतीनला अंधार.
रेडिओ सांगतो, रात्री उणे एकतीस, वारा रशियाकडून.
अठरा ग्रॅमचा जीव,
साखरेचे चार-पाच खडे तागडीत टाकावेत तेवढा,
रात्रभर थरथरत
त्यातलाही दहावा हिस्सा जाळून टाकणार
आणि सकाळी तेवढाच मागायला येणार
इथे, याच फांदीवर.

टॉर्च दातांत धरून
मी डबा काठोकाठ भरला.
कुंपणावर कुणी बसलं होतं का,
ते पाहिलं नाही.