नमुना क्रमांक नऊ

ओटचे कोंब अंधारातच वाढवावे लागतात,
सहा दिवस, ओल्या टिपकागदावर, पत्र्याच्या डब्यात.
फिकट, लांबुडके, मानेत वाकलेले,
उजेडाबद्दल अजून कुणी काही सांगितलं नाही असे.
हिरव्या दिव्यात मी त्यांना कात्रीनं कापते.
हिरवं त्यांना दिसत नाही, किंवा अगदीच कमी;
म्हणून एकमेकांकडे नीटसं न बघता
आमचं चालतं.

मग बर्फातला खल. मग गाळणं.
मग काचनळीतून थेंब, थेंब, आणि बरंच काही नाही.

फतेगंजच्या या तळघरात चार वर्षं
मी एका निळसर प्रथिनाची राखण करते
आणि ते निळं मी पाहिलेलं नाही.
पुस्तकात लिहिलंय, विश्वास ठेवायचा.
पाहायला दिवा लावावा
तर दिवा लावायच्या आधीचं ते
उरत नाही.

यंत्राचं काम साधं.
खानविलकर बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या:
इकडून उजेड सोडायचा,
पलीकडे किती पोचला ते बघायचं.
जो पोचला नाही, तो आपला.
आणि कुपी खरखरीत बाजूंनीच धरायची, मुली,
स्वच्छ बाजूला बोट लावलंस
तर आठवडाभर स्वतःचाच ठसा मोजत बसशील.

काल रात्री नमुना नऊ.
सहाशे सदुसष्ट नॅनोमीटर: ०.४१२.
दहा मिनिटांनी ०.४१२.
पुन्हा तेच. कंटाळा यावा इतकं शहाणं.
बाहेर उजाडलं असणार.
विश्वामित्रीच्या काठावर मगरी उन्हाला येऊन पडल्या असणार,
नरपतभाईंनी दाराशी चहा ठेवून
दोनदा टकटक करून, जाऊ दे म्हणून, निघून गेले असणार.
आत मात्र रात्र होती, मी ठरवलेली,
चार भिंतींना काळा रंग देऊन.

फोन आत आणायचा नाही, अशी पाटी आहे दारावर.
अक्षर माझंच.
तो ऍप्रनच्या खिशात थरथरला.

अंबरीष. विनिपेग.
*पोचलो गं. रात्रीचे नऊ वाजलेत
आणि अजून ऊन आहे. बघ.*
खाली एक तळं, अख्खं केशरी,
पडदाभर.
कुपी हाताशीच होती, बर्फात उभी.
मी तळं किती वेळ पाहिलं
ते मला सांगता येणार नाही.

त्यानं सांगितलं. ०.३८७.
यंत्र बिघडलं म्हणून मी कोरं द्रावण लावून पाहिलं,
यंत्र ठीक होतं.
सातशे तीसवर मात्र एक उंचवटा आला होता,
नखाएवढा,
जिथं काल सपाट होतं.

दांडिया बाजारात वीज गेली
की तो टॉर्चच्या तोंडावर तळहात दाबायचा.
बघ, माझं रक्त.
मी किंचाळायचे, आणि पुन्हा दाखव म्हणायचे.
नुसतं रक्त नव्हतं ते, अंबू.
निळं, हिरवं तुझ्या हातानं ठेवून घेतलं,
राहिलं तेवढं तांबडं
माझ्यापर्यंत पोचलं.
रोपंही तेच ओळखतात. त्यावरून रात्र मोजतात,
आणि मध्यरात्री कुणी क्षणभर दिवा लावला
तर त्यांचा हिशेब चुकतो,
फुलायचं राहून जातं काहींचं.

वहीत लिहिलं: नमुना नऊ, रद्द.
कारणाच्या रकान्यात: प्रकाश.
बाई विचारतील, कुठला.

फेकून द्यायच्या आधी
कुपी घेऊन जिना चढले.
कॉरिडॉरमध्ये ऊन होतं, पायरीवर चहा, साय धरलेला.
खरखरीत बाजूंनी धरून वर केली.

दौत धुताना शेवटच्या पाण्याला येतो
तसा रंग. एवढाच.
दोन बोटांत मावणारा.

त्याला उत्तर अजून पाठवलेलं नाही.
अकरा वाजता पुढचा डबा उघडायचाय,
हात धुवायचेत,
आणि डोळे पुन्हा हिरव्याला सरावायला
निदान वीस मिनिटं लागतात.