उघडून बघू नये

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी
कंपनीचा मेल आला. विषय: करार.
मी फोन ओट्यावर पालथा घातला
आणि मैदा चाळायला घेतला.

सोहारला आमचा रविवार शुक्रवारी येतो.
बारा वर्षं झाली, तरी जीभ म्हणतेच,
"रविवारी बघू",
आणि कॅलेंडर हसतं.

ऋचा आंबवणाची बरणी फ्रीजवरून उतरवते.
तिनं त्याला नाव ठेवलंय बंडोपंत,
आणि फुगला नाही की नावंही तीच ठेवते.
वृंदा म्हणते, माझ्या आईनं विरजणाला
कधी हाक मारली नाही,
ते आपलं गपगुमान लागायचं.

शुक्रवारी उजाडता उजाडता शेत.
शेत म्हणजे खल्फानचाचांच्या खजुरांच्या
दोन रांगांमधली पट्टी,
बारा पावलं लांब, चार पावलं रुंद,
महिना सात रियाल.
सातबाऱ्यावर आपलं नाव नाही,
पण रंगाच्या डब्याच्या झाकणावर आहे:
"निषादचं शेत. पाय पुसून या."

पाणी बोअरचं, खारट.
चाचा म्हणतात, समुद्र जमिनीखालून चालत येतोय,
माझ्या आजोबांच्या विहिरीत तो नव्हता.
टोमॅटो रुसले. घेवडा तर आलाच नाही.
बीट मात्र तेच पाणी पिऊन
गोड होत गेलं, कसं कुणास ठाऊक.

कडेचं एक बीट निषादचं.
दर शुक्रवारी तो ते उपटतो,
वळवून बघतो, फुंकर मारतो, परत पुरतो.
बाकीची मुठीएवढी झाली, हे आवळ्याएवढं.
पाइप गुंडाळता गुंडाळता मोतालेब म्हणतो,
सारखी सारखी नाडी बघितली
तर धडधाकट माणूससुद्धा झोपेल, बाबू.

मी हसलो.
कारखान्यात माझं कामच ते.
भट्टीत डोकावायचं,
वीस मिनिटांनी नमुना, वीस मिनिटांनी सही.

शनिवारी खजूर आणि बिटाचा केक.
मैदा दोन वाट्या, खजूर भिजवून कुटलेले,
बीट किसताना वृंदाचे हात
कुणाचा तरी मुडदा पाडल्यासारखे.
ओव्हनसमोर ऋचा पाट टाकून बसलेली, राखणीला.
ती पाणी प्यायला उठली
आणि अठराव्या मिनिटाला मी दार उघडलं.
नुसतं बघायला.

केकनं एक उसासा सोडला
आणि मधोमध खाली बसला.
ऋचा माझ्याशी पाऊण तास बोलली नाही.
वृंदानं खड्ड्यात चक्का भरला, वर बडीशेप,
आणि जाहीर केलं की हे मुद्दाम केलंय.

अर्धा केक आम्ही चाचांकडे नेला.
त्यांनी मधला, बसका तुकडा निवडला,
कहव्याचे तीन फिंजान होईपर्यंत चघळला,
मग विचारलं,
पुढच्या थंडीला पट्टी ठेवायची ना?
की दुसऱ्याला देऊ? एक केरळवाला विचारत होता.

मी दिशेला बघितलं,
जिथे खजुरांपलीकडे बंदराच्या चिमण्या दिसतात.
तोंडभर केक घेऊन निषाद म्हणाला,
हो.
आणि धावत जाऊन बीट उपटून आला.
अजून आवळ्याएवढंच.

रात्री ओटा पुसताना
फोन तसाच पालथा, पाठीवर मैद्याची साय.
वृंदानं विचारलं, बघितलास?
नाही.
उद्या ऑफिस.
हो.
मी चाचांना पैसे देऊन आलेय, ती म्हणाली,
पुढच्या मार्चपर्यंतचे.
तू कहवा पीत होतास तेव्हा.

मग, जरा वेळानं:
बंडोपंतांना खायला घातलंस का?

एक चमचा पीठ, एक चमचा पाणी.
झाकण सैल.