सालई की मोई

तेव्हा ग्रुपवर आम्ही अकरा जण होतो.
वेताळ टेकडीच्या खाणीशेजारचं एक निष्पर्ण झाड,
त्याचा धूसर फोटो,
आणि सालई की मोई यावर
तीन दिवस भांडण.
मोई म्हणणाऱ्या लवाटेबाई चौथ्या दिवशी
पट्टी घेऊन टेकडी चढल्या,
बुंध्याशी पडलेलं वाळकं पान मोजलं
आणि लिहिलं, "कडा दातेरी. मी चुकले."
रात्रभर मग कुणी काही बोललं नाही.
इतकं बरं वाटत होतं.

पुढे कुणीतरी लिंक टाकली सोसायटीत.
कोथरूड आलं, औंध आलं, वाकड आलं,
कुणाचे साडू, कुणाच्या भिशीतल्या सगळ्या.
नऊशे सत्तर.
साखर उतरवणारी पानं आली,
टेकडीतून रस्ता हवा, नको,
तुम्ही मूळचे कुठले,
मग "असल्यांना तर".
तांबोळीने बहाव्याचा फोटो टाकला
तर उत्तर आलं ते आडनावाला.
त्या उत्तराला अंगठा दाखवणाऱ्यांत मीही होतो का,
आठवत नाही.
(आठवतं.)

लवाटेबाई कधी गेल्या कळलं नाही.
हल्ली कुणी गेलं तर फोन सांगतही नाही.

काल फोन भरला म्हणून पुसत बसलो होतो,
शंभर शंभर एका दमात.
तर आमचाच तो जुना फोटो, कुणीतरी पुन्हा विचारलेला,
खाली माझं, "हे मागेच ठरलंय. सालई."
आणि त्याखाली, पहाटे तीन दहाला,
नाव नाही, नुसता नंबर,
चित्रात गणवेश, मागे बंद गेट:
"पान शेजारच्या झाडाचंबी आसंल सायब.
साल खरवडा. वास सुटला तर सालई,
नाय तर शिमटी. आमच्या वेल्ह्यात दोनी हायती."
लगेच खाली गुलाब.
गुलाब. गुलाब.
सात आठवडे झाले होते.

आम्हा अकरांत हा माणूस नसता.
आम्ही बोलावलाच नसता, खरं सांगायचं तर.
दार सताड उघडलं म्हणून आत आला,
आणि त्याच दारातून आलेल्या कालव्यात
त्याचं बोलणं बुडालं.

आज सकाळी किल्लीने साल खरवडली.
हुंगली.
पुन्हा हुंगली.
काही नाही.

शिमटी. म्हणजे मोईच.
त्याला एकट्याला तेवढं लिहिलं.
रात्रपाळी संपवून झोपला असेल.

लवाटेबाईंचा नंबर कुणाकडे आहे का,
हे ग्रुपवर विचारलं,
तर एकवीस जणांनी हात जोडले.