पाणी मारू नकोस

अठरा तारखेला पालिकेच्या शेतातून मुळे येतात.
खायचे नव्हेत हे.
मुद्दाम जमिनीत विसरलेले,
मांडीएवढे जाड, वेडेवाकडे,
कुणाला पाच बोटं फुटलेली, कुणाच्या पाठीला पोक.
बाबा पोतं सोडतात, एकेकाला मांडीवर घेऊन विचारतात,
"तू कोण रे? मेंढपाळ, की राजाचा उंट?"
मुळा सांगतो म्हणे.
मला अजून ऐकू येत नाही.

लाल साल म्हणजे कापड,
आतला पांढरा गर म्हणजे कातडी.
एवढंच शिकवलंय त्यांनी मला, आणि चाकू स्वतःकडे धरायचा नाही.
मारियेचा पदर सोलण्यात अख्खी दुपार जाते.
बाळ सगळ्यात शेवटी,
अंगठ्याएवढ्या मुळ्यातून,
घरात कुणी बोलत नसताना.

तेवीस तारखेला ओआहाकाच्या चौकात टेबलं लागतात,
माणसांची रांग देवळाला वळसा घालून जाते.
शेजारी दोन अबुंदिओनी यंदा अख्खं चर्च उभं केलंय,
घंटांसकट, दाराशी भिकाऱ्यासकट.
बक्षीस त्यालाच मिळणार,
परीक्षकांच्या आधी आम्हीच सांगून मोकळे होतो.

माझं काम फवाऱ्याचं.
दर दहा मिनिटांनी सगळ्यांवर पाणी,
गाढवाच्या कानामागे, राजांच्या दाढीत.
मुळा म्हणजे काही संगमरवर नाही.
"किती टिकतं हे?" कॅमेरेवाला एक पाहुणा विचारतो.
"रात्रभर," बाबा म्हणतात,
"कधी तेवढंही नाही."

डावीकडून तिसरा मेंढपाळ फिदेन्सिओ असतो.
दर वर्षी.
उजवा कान जरा दुमडलेला, पुढच्या दातांत फट.
माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी उत्तरेला गेला,
त्याला अकरा नाताळ झाले.
आधी भांडी घासायचा, आता छपरं घालतो, म्हणजे बढतीच.
रविवारी फोन करतो,
पडद्यावर चेहरा अर्ध्या शब्दात थिजतो
आणि आई थिजलेल्या चेहऱ्यालाच
जेवलास का विचारत राहते.

मी फवारा त्याच्याकडे वळवला
तर बाबांनी मनगट धरलं.
"त्याला राहू दे.
पाणी मारू नकोस."

मी काही विचारलं नाही.
सातला त्याच्या कानाची कड पिवळी पडली.
आठला कपाळावर एक आठी, मग तिच्याखाली दुसरी.
नऊ वाजेतो गालाचा गर आत ओढला गेला,
हनुवटीवर तपकिरी छटा, दाढीचे खुंट उगवावेत तशी.
शेजारी मारिया ओलीचिंब,
कालच्याइतकीच सोळा वर्षांची.
रांगेतली एक बाई थांबली, बोट दाखवून म्हणाली,
"तुमचा हा एक सुकतोय बघा."
"हो," बाबा म्हणाले.
"तीस वर्षांचा झालाय."

बक्षीस अबुंदिओला मिळालं.
आम्ही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.
मग कॅथेड्रलपाशी बुन्युएलो खाल्ले,
गुळाच्या पाकात बुडालेले, कडेला अजून कुरकुरीत.
खाऊन झालं की मातीची ताटली जमिनीवर आपटायची,
फुटली की वर्षाचं मागणं पोचलं.
चौकभर खळ्ळ खळ्ळ चाललेलं.
मी माझी फोडली.
बाबांनी त्यांची सदऱ्याला पुसली,
तिच्यात मेंढपाळाला आडवं निजवलं
आणि वरून टोपी झाकून
चढावर घराकडे चालू लागले,
वाटेत दोनदा थांबले, दमले म्हणून की बघायला, कळलं नाही.

आई चुलीपाशी जागी होती.
पेरू नि दालचिनीचा वास, भांड्यावर झाकण थरथरतंय.
बाबांनी काही न बोलता ताटली तिच्यापुढे ठेवली.
तिने दिवा जवळ ओढला.
दुमडलेला कान पाहिला, दातांतली फट पाहिली,
ताप बघावा तसा कपाळाला
हाताचा मागचा भाग लावला.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.