दोन शतांश

सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये एकच लेथ होता,
बटाल्याचा, तिसऱ्या हातचा.
पगारमामा त्यावर द्राक्षाच्या फवारणीपंपांचे बुश काढायचे
आणि बिलबुकावर छापून घेतलं होतं : प्रिसिजन.

मग ओझरहून ड्रॉइंग आलं.
निळा कागद. चहाचा डाग आमचा.
चारशे नग, सव्वा महिना,
टेम्पोतून गेले तसे परत आले चारशेच्या चारशे,
प्रत्येकावर लाल ठिपका,
कुंकू लावून माहेरी धाडल्यासारखे.
भोक दोन शतांशांनी मोठं.
केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं.

मामींच्या पाटल्या मोडून जपानी मायक्रोमीटर आला.
तो देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात राहायचा.
मला, दहावी नापास पोरीला, मामांनी रॅचेट ऐकायला शिकवलं :
तीनदा टिक, मग वाच.
हात गरम असला तर थांब.
घरून भांडून आली असशील
तर थांबच.

आता अंबडला तीन मजले,
वीस अंशांवर गोठवलेली खोली, पाच अक्षांचं मशीन.
सर्टिफिकेटांनी भिंत भरली.
संपाचे चार महिने
कुणी फ्रेम केले नाहीत.

गेल्या माघात मामा पहिल्यांदा विमानात बसले,
ओझर ते हैदराबाद.
खिडकी नको म्हणाले, पंखाजवळचं द्या.
मी सांगितलं, मामा, यात आपला एकही नग नाही.
तरी उतरेपर्यंत
कान देऊन बसले होते.

त्या चारशेतला एक बुश माझ्या घरी आहे.
उदबत्ती बसते त्यात,
जराशी तिरकी.